कारभारी, संपादक आणि अब्रू

गोपाळ गणेश आगरकर यांचें ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हें छोटेखानी पुस्तक बहुतेक वाचक दोन मित्रांची आठवण म्हणून हातीं घेतात. टिळक आणि आगरकर यांची पुढें ताटातूट झाली, म्हणून त्यांच्या एकत्र बंदिवासाचें चित्र मनाला अधिकच चटका लावतें. पण त्या मोहांत ज्या खटल्यामुळें हे दिवस आले तो मात्र बाजूला पडतो. आमच्या मतें या पुस्तकाचें आजचें महत्त्व त्या खटल्यांतच आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांस वेडे ठरवून त्यांचा छळ चालविला आहे, अशी तेव्हां बोलवा होती. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनीं संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली आणि त्यांचीं म्हणून हातीं आलेल्या पत्रांचा आधार घेतला. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रें बनावट ठरलीं. संपादकांची माफी कामास आली नाहीं. आणि जुलै १८८२ मध्यें दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली.

अशा खटल्यांत संपादकाची बाजू घेणें सोपें असतें. येथें तें सोपें नाहीं. जें पत्र आपण लिहिलेंच नाहीं तें आपल्या नांवावर छापलेलें पाहून कोणाही अब्रूदार माणसास राग येईल. उलटपक्षीं, महाराजांविषयींची काळजी ही कांहीं कल्पनेची भरारी नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगरच्या किल्ल्यांत, पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा अंत झाला. यावरून बर्वे दोषी ठरत नाहींत; पण प्रश्न विचारण्याजोगा होता, एवढें खास ठरतें.

१८६० च्या दंडसंहितेंत ४९९ व्या कलमाला दहा अपवाद होते. सरकारी नोकराच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावानें मत देण्याची मोकळीक त्यांतील दुसऱ्या अपवादानें दिली होती. परंतु ही मोकळीक मताला होती, हकीकतीला नव्हे. हकीकत खरी असली तरी ती लोकहितासाठीं छापली हें दाखवावें लागे. आणि योग्य काळजी घेतल्यावांचून सद्भाव नाहीं, असें ५२ वें कलम बजावीत असे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६४ मध्यें सलिव्हन खटल्यांत निराळी वाट धरली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील जाहिरातींत कांहीं विधानें चुकीचीं होतीं, तरीही, जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची बेपर्वाई करून तीं छापलीं असें सिद्ध केल्याखेरीज अधिकाऱ्यास भरपाई मिळणार नाहीं, असा निर्णय झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९९४ च्या राजगोपाल खटल्यांत अधिकाऱ्याच्या सरकारी कामापुरतें असेंच तत्त्व मानलें, पण तें भरपाईच्या दाव्यांसाठीं. फौजदारी कलम २०१६ मध्यें घटनेस धरून ठरलें. आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तें ३५६ वें कलम होऊन बसलें आहे. दोन वर्षांपर्यंतची कैद कायम; समाजसेवेची शिक्षा हा पर्याय तेवढा नवा.

म्हणजे पैशाच्या दाव्यांत संपादकास जी सवलत मिळते, ती तुरुंगाच्या दारांत मिळत नाहीं! ही उलटी रीत आम्हांस मान्य नाहीं. प्रामाणिक चुकीस जाहीर दुरुस्ती व माफी पुरे व्हावी. बेपर्वाईस भरपाई असावी. कैद कोणासच नसावी. कैदेच्या भयानें लबाड लेखक थांबत नाहीं. ज्याच्यापाशीं अर्धाच पुरावा आहे असा सज्जन मात्र गप्प बसतो. त्याचबरोबर, रागाच्या भरांत आलेला कागद नीट तपासून न पाहणारा संपादक आपल्याच खऱ्या कैवाराचें नुकसान करतो, हाही धडा याच खटल्यांत आहे. या पुस्तकाची नवी आवृत्ति जो कोणी काढील, त्यानें तींत खटल्याची साद्यंत हकीकत जोडावी. तुरुंगांतील दिनक्रम वाचतांना, तेथें जावें कां लागलें हेंही वाचकाच्या समोर असूं द्यावें.