थेसालोनिकीची संग्रहालये : आठवणींची वाटणी

ग्रीसला जाऊन आलेल्या मराठी माणसाच्या अल्बममध्ये अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस असते, सँटोरिनीची पांढरी-निळी घरे असतात, आणि वेळ उरला असेल तर डेल्फी. देशातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर, उत्तरेकडचे थेसालोनिकी, त्यात सहसा नसते. खरे तर हे नवलच आहे. इ.स.पू. ३१५ च्या सुमारास कॅसँडर राजाने हे बंदर वसवले आणि त्याला आपल्या बायकोचे, म्हणजे सिकंदराच्या सावत्र बहिणीचे, नाव दिले. तेव्हापासून आजपर्यंत हे शहर ओसाड असे कधी पडलेच नाही. रोमन आले, बायझंटाइन आले, १४३० मध्ये उस्मानी तुर्क आले, १४९२ नंतर स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू आले, १९१२ मध्ये शहर ग्रीसच्या ताब्यात आले आणि १९२३ नंतर तुर्कस्तानातून ग्रीक निर्वासितांचे लोंढे आले. एवढा इतिहास म्हटल्यावर संग्रहालयेही भरपूर असणारच.

त्यातली सात-आठ मी पाहिली. एकेक सुटे पाहिले तर बहुतेक चांगली आहेत, दोन-तीन तर उत्कृष्ट आहेत. पण सगळी पाहून झाल्यावर मनात राहते ती वेगळीच गोष्ट. भावाभावांनी वडिलोपार्जित वाडा वाटून घ्यावा, तशी या शहराने आपली आठवण वाटून टाकली आहे. प्रत्येकाची खोली झाडूनपुसून स्वच्छ. मधला चौक मात्र कोणाचाच नाही.

सुरुवात पुरातत्त्व संग्रहालयापासून करू. पात्रोक्लोस कारांतिनोस या वास्तुविशारदाची ही साधी, उजेडाची इमारत १९६२ मध्ये उघडली. त्याच वर्षी शहराजवळच्या देर्वेनी येथे काही थडगी सापडली आणि या संग्रहालयाला त्याचे दोन मानकरी मिळाले. पहिला म्हणजे देर्वेनीचा क्रेटर, मद्य आणि पाणी मिसळण्याचे सुमारे ९० सेंटिमीटर उंचीचे भांडे. धातू कासे, पण कथलाचे प्रमाण असे की सोन्याचेच वाटावे. अंगावर डायोनिसस आणि अ‍ॅरिआड्नी, भोवती नाचणाऱ्या धुंद स्त्रिया. आणि एवढ्या उत्सवी भांड्यात ठेवलेल्या होत्या अस्थी. दुसरी वस्तू बघायला अगदी गरीब आहे. काळ्या जळक्या कागदाचे तुकडे, बस्स. हा देर्वेनीचा पपायरस, इ.स.पू. चौथ्या शतकातली गुंडाळी आणि युरोपातले सर्वांत जुने, आजही वाचता येणारे पुस्तक. चितेत अर्धवट जळून कोळसा झाला म्हणूनच तो टिकला. न जळता तर त्या ओलसर मातीत कधीच कुजून गेला असता. २०१५ मध्ये युनेस्कोने त्याची ‘जगाची स्मृती’ या यादीत नोंद केली. आपल्याला गंमत वाटेल ती पुढेच आहे. त्यात लिहिले आहे ते एका जुन्या धार्मिक काव्यावरचे निरूपण! ज्ञानेश्वरीला ‘टीका’ म्हणणाऱ्या आपल्या परंपरेतल्या माणसाला, युरोपचे सर्वांत जुने पुस्तकही एक ‘टीका’च निघावी, याचा आनंद झाल्याशिवाय राहणार नाही.

मांडणी शांत आहे, वस्तूंना श्वास घ्यायला जागा आहे. तक्रार एकच. हे शहर मोठे झाले ते सिकंदराच्या मॅसिडोनियामुळे आणि मग रोममुळे, हा धागा इथे ठसठशीत दिसतो. त्या दगडांवर पुढची दोन हजार वर्षे कोण राहिले, हे बाहेर पडेपर्यंत कळत नाही.

शेजारचेच बायझंटाइन संस्कृतीचे संग्रहालय मला शहरातले सर्वोत्तम वाटले. किरियाकोस क्रोकोस यांनी विटा आणि काँक्रीट यांतून उभारलेली ही वास्तू १९९४ मध्ये खुली झाली आणि २००५ मध्ये तिला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. उतरत्या-चढत्या वाटांनी आपण एका दालनातून दुसऱ्यात कधी शिरलो ते समजतही नाही. इथे नुसत्या सोनेरी मूर्तिचित्रांची रांग नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातली घरे, त्यांतल्या फरशा, भांडी, आणि आतून रंगवलेली थडगी आहेत. राजे आणि बिशप यांच्याबरोबर स्वयंपाकघरही इतिहासात येते. आपल्याकडच्या संग्रहालयांनी हे जरूर शिकावे.

पण शेवटच्या दालनांशी आलो की वाटणी पुन्हा जाणवते. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यानंतरचा काळ इथे ‘बायझंटियमनंतरचे बायझंटियम’ म्हणून येतो. ख्रिस्ती कलेच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण उस्मानी अमलाची ४८२ वर्षे केवळ कशाच्या तरी ‘नंतरची’ नव्हती. त्या काळात इथे मशिदी, हमाम, बाजार बांधले गेले; बे हमाम १४४४ चा आहे. उस्मानी शहराला वाहिलेले, या तोडीचे संग्रहालय मात्र मला कुठे दिसले नाही.

मग ते शहर भेटते कुठे? समुद्राकाठच्या प्रसिद्ध पांढऱ्या मनोऱ्यात थोडेफार. मनोरा उस्मानी काळातला, एकेकाळचा तुरुंग, ‘रक्ताचा बुरूज’ म्हणून कुप्रसिद्ध. १८९० च्या सुमारास चुना फासून तो पांढरा झाला, आणि नाव बदलले की कीर्तीही बदलते हे सिद्ध झाले. २००८ पासून मजल्यामजल्यांवर शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन आहे. वस्तू कमी, पडदे आणि फलक जास्त. आम्हा आयटीवाल्यांना पडद्याचे कौतुक उरलेले नसते. पण खरी अडचण पडद्यांची नाही. प्रदर्शनाचा भर १९१२ पूर्वीच्या काळावर आहे, आणि या शहराला हादरवून टाकणाऱ्या तिन्ही गोष्टी १९१२ नंतरच्या आहेत : १९१७ ची आग, १९२३ ची लोकसंख्येची अदलाबदल आणि १९४३.

दुसरीकडे तुर्की वाणिज्य दूतावासाच्या आवारात ते घर आहे, जिथे १८८१ मध्ये मुस्तफा केमाल अतातुर्क जन्मला असे मानतात. इथे मेणाचे पुतळे आणि बरीच भक्ती आहे; इतिहास त्या मानाने कमी. पण अशा घरांकडे भाबडेपणाने पाहू नये. सप्टेंबर १९५५ मध्ये याच आवारात बॉम्ब फुटला, त्या बातमीचा भडका उडाला आणि इस्तंबूलमधल्या ग्रीक वस्तीवर जमाव तुटून पडला. संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंची निरुपद्रवी खोली, असे ज्याला वाटते त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता एक आकडा. १९१३ च्या शिरगणतीत शहरात १,५७,८८९ माणसे होती. त्यांत ज्यू ६१,४३९, तुर्क ४५,८६७ आणि ग्रीक ३९,९५६. म्हणजे या ग्रीक शहरातला सर्वांत मोठा समाज स्पेनहून आलेल्या ज्यूंचा होता. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणून बंदरच बंद असे. घरात ते बोलत लादिनो, म्हणजे पंधराव्या शतकात बरोबर आणलेली स्पॅनिश. ज्या देशाने हाकलले त्या देशाची भाषा त्यांनी परक्या मुलखात साडेचारशे वर्षे सांभाळली! साडेतीनशे वर्षे मराठी जपणारी आपली तंजावरची मंडळी आठवतात. आणि आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत दर रविवारी मुलांना ओढत नेणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही गोष्ट फारच जवळची वाटावी.

या समाजाचे संग्रहालय आगिओस मिनास रस्त्यावर आहे. १९१७ च्या आगीत सुमारे ९,५०० घरे जळाली आणि ७० हजारांहून जास्त लोक उघड्यावर आले. त्या आगीतून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी ही एक. संग्रहालय २००१ चे, आकाराने लहान. तळमजल्यावर थडग्यांचे दगड आहेत, त्यांच्यामागे जुनी छायाचित्रे. मोठ्या संग्रहालयांचा दिमाख इथे नाही, पण हे दगड पाहून माणूस गप्प होतो. कारण ते उरलेसुरले आहेत. शहराच्या पूर्वेला ज्यूंचे विशाल दफनस्थान होते, तीन लाखांहून जास्त थडग्यांचे. डिसेंबर १९४२ मध्ये, जर्मन अमलात, ते उखडले गेले आणि संगमरवर बांधकामाला गेला : रस्त्यांना, भिंतींना, अगदी चर्चच्या दुरुस्तीलाही. त्या जागेवर आज अ‍ॅरिस्टॉटल विद्यापीठ उभे आहे. तिथे साधा स्मृतिस्तंभ यायला २०१४ उजाडले. १५ मार्च १९४३ रोजी पहिली आगगाडी आउश्वित्झकडे निघाली. ऑगस्टपर्यंत ४५ हजारांहून जास्त माणसे पाठवली गेली, आणि परतले ते फारच थोडे. साडेचारशे वर्षे टिकलेली भाषा या शहराच्या रस्त्यांवरून पाच महिन्यांत पुसली गेली.

माझा आक्षेप या संग्रहालयावर नाही. त्याने आपले काम चोख केले आहे. आक्षेप आहे तो बाकीच्यांवर. शहराच्या सर्वांत मोठ्या समाजाची कहाणी सांगण्याची जबाबदारी त्या समाजाच्या उरलेल्या मूठभर लोकांवर का टाकावी? मोठ्या सरकारी संग्रहालयांत तो इतिहास मधोमध का नसावा?

एक उदाहरण देतो. रोमन काळातल्या एका स्तंभरांगेवर दोन्ही बाजूंनी कोरलेल्या देवदेवता होत्या. पुढे ही रांग ज्यू मोहल्ल्यातल्या एका घराच्या अंगणात उभी होती, आणि तिथल्या लोकांनी या दगडी माणसांना लादिनोत नाव दिले ‘लास इंकांतादास’, म्हणजे मंतरलेल्या. १८६४ मध्ये एम्मान्युएल मिलर या फ्रेंच विद्वानाने उस्मानी सरकारच्या परवानगीने त्या पॅरिसला नेल्या. आज त्या लूव्हरमध्ये आहेत आणि २०१५ मध्ये शहरात त्यांच्या प्रतिकृती आल्या. रोमन शिल्प, ज्यू अंगण, स्पॅनिश नाव, तुर्की परवाना, फ्रेंच मालक, ग्रीक मागणी! ही वस्तू कुठल्या खोलीत ठेवणार? तिच्यासाठी चौकच लागेल.

कलादालनांविषयी थोडक्यात. जुन्या लाझारिस्ट मठात कोस्ताकिस संग्रह आहे. मॉस्कोत कॅनडाच्या वकिलातीत काम करणाऱ्या जॉर्ज कोस्ताकिसने, रशियन अवाँगार्द चित्रांकडे बघायलाही लोक घाबरत त्या काळात, ती गोळा केली. १,२७७ कलाकृती ग्रीक सरकारने २००० मध्ये विकत घेतल्या. पोपोवा, तात्लिन, रोदचेंको इथे पोटभर बघायला मिळतात. संग्रह अव्वल आहे. मठ शहराच्या मध्यापासून दूर असला तरी वाट वाकडी करून जावे असा.

मग चौक कुठेच नाही का? मला तो दोन ठिकाणी सापडला. पहिला रोटुंडामध्ये. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला गॅलेरियस सम्राटाने बांधलेली ही गोल वास्तू आधी चर्च झाली, मग १५९० च्या सुमारास मशीद, मग पुन्हा चर्च आणि स्मारक. आत छतावर सोनेरी मोझेक, बाहेर मिनार, तोही शहरात शिल्लक राहिलेला एकमेव पूर्ण मिनार. कोणी काही वेगळे सांगावे लागत नाही. मान वर केली आणि मग बाहेर आले की इतिहास समजतो.

दुसरा चौक जमिनीखाली आहे. २००६ मध्ये मेट्रोचे खोदकाम सुरू झाले आणि वेनिझेलू स्टेशनच्या जागी शहराचा प्राचीन हमरस्ता, संगमरवरी फरशी आणि दुकाने निघाली. पूर्ण मार्गावर तीन लाखांहून जास्त वस्तू सापडल्या. हे अवशेष जागच्या जागी ठेवायचे की कापून काढून स्टेशन बांधल्यावर परत बसवायचे, यावर पुरातत्त्वज्ञ आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे वाद आणि कोर्टकज्जे झाले. शेवटी ते काढून परत बसवले गेले आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मेट्रो धावू लागली. विरोधकांचे म्हणणे मला पटते. उचलून परत ठेवलेला रस्ता हा तोच रस्ता राहत नाही, त्याच्या पोटातली माती बोलायची थांबते. तरीही रोज हजारो लोक, तिकिटासाठी रांग न लावता, कॉलेजला आणि कामाला जाताना त्या रस्त्याच्या कडेने जातात. त्यांत कोण कोणाच्या वंशातला, हे तो रस्ता विचारत नाही.

थेसालोनिकीला जाणार असाल तर किमान तीन दिवस ठेवा. बायझंटाइन संग्रहालय आणि ज्यू संग्रहालय एकाच दिवशी पाहा, सकाळी एक, दुपारी दुसरे. दोन्हींच्या मधल्या अर्ध्या तासाच्या चालण्यात, कुठल्याच फलकावर न लिहिलेला इतिहास पायाखालून जात असतो.