अथेन्सची चांदी व आयनांची साक्ष

नोएल गेल, वोल्फगांग गेंटनर व गुंथर वाग्नर या तिघां संशोधकांचा, पुरातन ग्रीक नाण्यांची चांदी कोणकोणत्या खाणींतून आली या विषयावरील निबंध लंडनच्या रॉयल न्यूमिस्मॅटिक सोसायटीनें १९८० सालीं प्रसिद्ध केला. त्यास आतां चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्याचे निष्कर्ष सिद्ध गोष्टी म्हणून ग्रीक इतिहासाच्या ग्रंथांत उतरूं लागले आहेत, आणि ‘रसायनशास्त्रानें हीरोडोटस खरा ठरविला’ असे उद्गारही ऐकूं येतात. म्हणून या निबंधानें काय सिद्ध झालें व काय झालें नाहीं, याची नीट वांटणी करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम लेखी पुरावा पाहूं. हीरोडोटस आपल्या सातव्या पुस्तकांत सांगतो कीं, लॉरियन येथील खाणींच्या उत्पन्नांतून प्रत्येक अथेन्सवासीयास दहा द्राख्मा वांटावयाच्या होत्या. परंतु थेमिस्टोक्लीझनें लोकांचें मन वळवून त्या द्रव्यांतून ईजिनाशीं चाललेल्या युद्धासाठीं २०० जहाजें बांधविलीं. अरिस्टॉटलच्या नांवावर मोडणारा व १८९१ सालीं पपायरसावरून प्रसिद्ध झालेला अथेन्सच्या राज्यघटनेचा ग्रंथ हीच गोष्ट इ. स. पू. ४८३ च्या सुमारास घालतो, पण द्रव्य १०० टॅलंट व जहाजें १०० च सांगतो. सॅलमिसची लढाई इ. स. पू. ४८० मध्यें झाली. हीरोडोटस त्यानंतर सुमारें अर्ध्या शतकानें व दुसरा ग्रंथकार दीड शतकानें लिहीत होता. बखर व समकालीन पत्र यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. हे दोन्ही ग्रंथ त्या मानानें बखरीच्याच वर्गांत पडतात. अशा स्थितींत खुद्द नाण्याची धातु बोलूं लागली, तर ती साक्ष समकालीन ठरेल, या आशेंतच या संशोधनाचें महत्त्व आहे.

धातु बोलते ती अशी. लॉरियनची चांदी शिशाच्या खनिजांतून निघे. शिसें भट्टींत जाळून चांदी वेगळी काढली, तरी तिच्यांत शिशाचा अल्प अंश राहतोच. निसर्गांतील शिशाचे २०४, २०६, २०७ व २०८ या वस्तुमानांकांचे चार स्थिर समस्थानिक आहेत. पैकीं शेवटच्या तिहींत युरेनियम व थोरियम यांच्या क्षयानें भर पडत आली. २०४ मध्यें पडत नाहीं. त्यामुळें खनिजाच्या वयाप्रमाणें या चौघांचें परस्परप्रमाण बदलतें, पण भट्टींत तें जवळजवळ तसेंच राहतें. नाण्यांतील शिशाचा कण तापलेल्या धातूच्या तारेवर ठेवून त्याचे विद्युद्भारित अणु, म्हणजे आयन, उडवावयाचे. चुंबकानें ते वस्तुमानाप्रमाणें वेगळे करावयाचे. आणि धातूच्या पेल्यांत पडतांना ते जो अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह देतात तो मोजावयाचा, अशी ही रीति आहे. हलके समस्थानिक आधीं उडतात म्हणून ज्ञात प्रमाणाच्या शिशाशीं ताडून दुरुस्ती करावी लागते.

या रीतीनें निबंधकारांनीं तपासलेलीं नाणीं बव्हंशीं इजिप्तांत अस्यूत येथें सांपडलेल्या निधींतील आहेत. अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यांतील शिसें जवळजवळ सर्वत्र लॉरियनशीं जुळलें. त्याच्या आधींच्या, निरनिराळीं चिन्हें असलेल्या नाण्यांचें मात्र जुळलें नाहीं. ईजिनाच्या बेटावर चांदीची खाणच नाहीं. तेथील नाण्यांपैकीं कांहीं सिफ्नॉसशीं, कांहीं खुद्द लॉरियनशीं जुळलीं. शत्रूच्या खाणींतील चांदीवर शत्रूचें नाणें पडत होतें, ही गोष्ट कोणत्याही ग्रंथकारानें सांगितलेली नव्हती. एवढ्या एका लाभासाठींही हा निबंध चिरस्मरणीय आहे.

आतां मर्यादा. ही साक्ष नकार देतांना जितकी बळकट असते, तितकी होकार देतांना नसते. प्रमाण जुळलें नाहीं, तर निदान निव्वळ त्या खाणीची ती चांदी नव्हे, हें निश्चित. जुळलें, तर ती तेथील असूं शकेल, इतकेंच. एका खाणीचीं प्रमाणें दुसरीच्या प्रमाणांवर चढतात, आणि दोन ठिकाणची चांदी एकत्र आटविली तर मधलें प्रमाण येऊन भलत्याच तिसऱ्या खाणीकडे बोट दाखविलें जातें. पॉल बड व त्यांचे सहकारी यांनीं १९९५ सालीं तांब्याच्या व्यापारासंबंधानें हाच आक्षेप जोरानें घेतला. घुबडाच्या नाण्यांचीं प्रमाणें एकाच ठिकाणीं दाट जमतात, म्हणून तेथें तो फारसा लागू पडत नाहीं, असें आमचें मत आहे. पण आधींच्या नाण्यांना तो पूर्ण लागू आहे. पिसिस्ट्राटसचें कांहीं उत्पन्न स्ट्रायमन नदीकडून येई असें हीरोडोटस म्हणतो, म्हणून तीं नाणीं तिकडचींच, असें कांहींजण धरून चालतात. आयनांनीं ‘लॉरियन नव्हे’ एवढेंच सांगितलें. ‘स्ट्रायमन’ हा शब्द इतिहासकारानें त्यांच्या तोंडीं घातला.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. समस्थानिकांवर तिथि नसते. लॉरियनची खाण इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकापासून चालू होती, आणि तिच्या शिशाचें प्रमाण थेमिस्टोक्लीझसाठीं बदललें नाहीं. अथेन्सनें आपलें नाणें आपल्या चांदीचें पाडलें, येथवर धातूची साक्ष पोंचते. दहा द्राख्मांची वांटणी, लोकसभेंतील भाषण, २०० जहाजें कीं १००, यांविषयीं ती मुकी आहे. त्या प्रश्नांसाठीं ठशांचा क्रम व निधींचा काल ठरविणाऱ्या नाणकशास्त्रज्ञाकडेच गेलें पाहिजे.

१९९० नंतरच्या नव्या यंत्रांनीं मोजणी कितीतरी सूक्ष्म झाली, हें खरें. परंतु न तपासलेली खाण सूक्ष्म मोजणीनें तपासल्यासारखी होत नाहीं. जुने आंकडे नव्यांशीं जोडतांना मापनाची चूक किती धरली, हें प्रत्येक लेखकानें सांगावें, आणि केवळ जुळणाऱ्या खाणीच नव्हे तर वगळलेल्या खाणीही नांवानिशीं द्याव्या. मूळ निबंधकार आपल्या विधानांत सावध आहेत. त्यांच्या आधारें लिहिणाऱ्यांनीं ती सावधगिरी सोडली आहे. हीरोडोटसशेजारीं ही दुसरी साक्ष बसवावी, पण त्याची वकिली तिच्याकडे देऊं नये. या अटीवर आम्ही हा निबंध ग्रीक इतिहासाच्या अभ्यासकांस आग्रहानें वाचावयास सांगतों.