‘कौल’ आणि ‘भाकीत’ : भविष्यकथनवाचक शब्दांचा अर्थविचार

मराठीत भविष्यकथनासाठी रूढ असलेल्या ‘कौल’ व ‘भाकीत’ या शब्दांचा मूळ संबंध भविष्याशी नसून दिलेल्या वचनाशी आहे. भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात ‘कौल’ या शब्दाचा अर्थविस्तार तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांचे मूळ : ‘कौल’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ उक्ती, वचन. फारसी राज्यव्यवहारातून तो मराठीत रुजला. छपरावरचे ‘ते कौल’ हा निराळा, नपुंसकलिंगी शब्द होय. ‘भाकीत’ हे ‘भाकणे’ या क्रियापदावरून आले. ‘भाक देणे’ म्हणजे वचन देणे. मध्ययुगीन इंग्रजीतील ‘सूथसेयर’ या शब्दाची वाटचालही लक्षणीय आहे. त्यातील ‘सूथ’ म्हणजे सत्य. तो संस्कृत ‘सत्’शी सजातीय आहे. सत्य सांगणारा तो पुढे भविष्य सांगणारा ठरला. इंग्रजी शब्दाचा भर सत्यावर, तर मराठी शब्दांचा वचनावर आहे.

मावळातील संदर्भ : रोहिड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे हा आजच्या भोर-वेल्ह्याचा मुलूख. मराठेशाहीत परागंदा रयतेला परत आणण्यासाठी, पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी कौल देत. इस्ताव्याच्या कौलात पहिल्या वर्षी सारा हलका असे व पुढे तो टप्प्याटप्प्याने चढे. येथे कौल देणारा सरकार स्वतः बांधला जाई. वरंधा घाट उतरून कोकणात गेल्यास याच शब्दाचा दुसरा अर्थ भेटतो. तेथे देवाच्या मूर्तीला फुले वा कळ्या लावून कौल मागतात. उजवीकडचे फूल पडले की सामान्यतः होकार मानतात.

अर्थविवेचन : दोन्ही ठिकाणी दुर्बळ विचारतो आणि समर्थ शब्द देतो. मात्र उत्तरदायित्व वेगळे आहे. सरकारने कौल मोडल्यास रयत कागद पुढे करू शकत होती. देवाचा कौल फसला तर दोष बहुधा भक्ताच्या श्रद्धेवर येतो. म्हणून ‘कौल’चा अर्थ सरसकट ‘भविष्य’ असा शिकवल्यास विद्यार्थ्याच्या हाती मोडी कागदातील करारही शकुन म्हणून पडेल.

निष्कर्ष : ‘मतदारांचा कौल’ या आजच्या प्रयोगात देणारा व घेणारा यांची अदलाबदल झाली आहे, आता रयत देते आणि सत्ता घेते. मात्र निकालापूर्वीच्या अंदाजांनाही आपण ‘कौल’ म्हणू लागलो, तर हा शब्द पुन्हा भाकिताकडे झुकेल आणि त्यातील बांधिलकी हरवेल.