वारसा : भिंतीवरचा आणि वापरातला

ज्या माणसांची नावे, भाषा आणि नाती गुलामगिरीने हिरावून घेतली, त्यांनी वारसा म्हणून साजरे करावयाचे ते काय? अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या सणसोहळ्यांच्या मुळाशी असलेला हा पेच अॅलिस वॉकर यांच्या १९७३ साली ग्रंथरूप झालेल्या ‘एव्हरीडे यूज’ या कथेत दोन गोधड्यांच्या निमित्ताने उभा राहतो.

शिकून परतलेली डी घराण्यातले नाव टाकून ‘वांगेरो’ हे आफ्रिकी वळणाचे नाव घेते आणि आजीच्या वेळच्या गोधड्या भिंतीवर लावण्यासाठी मागते. यादवी युद्धात पूर्वजाने घातलेल्या गणवेशाचा चिमुकला तुकडाही त्यांत आहे. धाकटी मॅगी त्या रोज वापरून फाडील, अशी डीला धास्ती; पण मॅगीला गोधडी शिवता येते. आई त्या मॅगीच्याच ओटीत टाकते.

हा निवाडा हृद्य खरा. तथापि संपूर्ण कथा आईच्या मुखातून येत असल्यामुळे डीची बाजू उपहासापलीकडे जात नाही. जुलूम करणाऱ्यांनी दिलेले नाव आपण का मिरवावे, हा तिचा प्रश्न पोकळ नव्हे. त्याच ओढीतून १९६६ साली मौलाना करेंगा यांनी ‘क्वान्झा’ हा सण योजिला. २६ डिसेंबर ते १ जानेवारी रोज एक मेणबत्ती अधिक उजळावयाची, हा त्याचा विधी. सण योजलेला खरा. परंतु घरातील मुलांच्या हातांनी वर्षानुवर्षे मेणबत्त्या लागत गेल्या म्हणजे योजलेल्याचीही रीत होते.

‘जूनटीन्थ’चा प्रवास याच्या उलट झाला. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे मुक्तीची घोषणा झाली. १८७२ साली ह्यूस्टनच्या मुक्त झालेल्या लोकांनी या उत्सवासाठी वर्गणी काढून जमीन विकत घेतली. २०२१ साली तो दिवस राष्ट्रीय सुट्टीचा ठरला. हा मान न्याय्यच होय. पण घराघरांतील गोधडी शासनाच्या भिंतीवर चढण्याचा धोकाही त्यात आहे.

या दोन सणांच्या प्रकाशात कथेचा निवाडा अपुरा ठरतो, तिची कसोटी मात्र टिकते. गोधडी जपणारा एक, शिवणारा दुसरा, अशी फारकत झाली की वारशाची वस्तू उरते आणि विद्या जाते. डीला नाव कळले होते, मॅगीला टाका. सोहळा सार्थ व्हावयाचा तर या दोघी बहिणींना एका अंगणात बसावे लागेल.