अखंडत्वाचा आग्रह

जॅनिस रेमंड यांचा ‘द ट्रान्ससेक्शुअल एम्पायर’ हा ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. लेखिका पूर्वी धर्मभगिनी होत्या आणि ईश्वरविज्ञानवेत्त्या मेरी डेली यांच्या शिष्या. म्हणून आपल्याला तो टाळून चालणार नाही.

वाद मात्र त्याआधीचा. न्यूयॉर्कमधील समलिंगी मुक्ती मेळाव्यात २४ जून १९७३ रोजी सिल्व्हिया रिव्हेरा यांना व्यासपीठावर येण्यासाठीच झगडावे लागले. तुरुंगात खितपत पडलेल्यांविषयी त्या बोलू लागताच श्रोत्यांनी हुर्यो उडविली. जीन ओलिअरी यांनी समलिंगी स्त्रीवाद्यांच्या वतीने स्त्रीवेषधारी पुरुषांचा निषेध वाचला. अनेक समलिंगी पुरुषांना ज्यात करमणूक वाटे, त्यात या स्त्रियांना आपली विटंबना दिसे. रिव्हेरा यांचे गाऱ्हाणे दोहोंमध्ये बेवारस राहिले.

शस्त्रक्रियेस पात्र ठरण्यासाठी साचेबंद ‘बाईपण’ दाखवावे लागे, हे रेमंड यांचे निरीक्षण भेदक आहे. पण वैद्यांचा दोष त्या रुग्णांच्या माथी मारतात. ऑलिव्हिया या स्त्रियांच्या ध्वनिमुद्रण संस्थेतील सँडी स्टोन यांना तर त्या नावानिशी घुसखोर ठरवितात. स्टोन यांचे उत्तर छापून आले ते १९९१ मध्ये.

ग्रंथाचा शेवट ‘अखंडत्वा’च्या नीतीवर होतो. शब्द आपल्या ओळखीचा. परंतु येथे अखंड म्हणजे शस्त्र न लागलेला देह. व्रणांसह उठलेल्या प्रभूचे उपासक इतक्या सहजी हे कसे मान्य करतील?

ओलिअरी यांनी पुढे आपल्या त्या भूमिकेबद्दल खेद व्यक्त केला. रेमंड यांनी १९९४ च्या आवृत्तीतही आपली भूमिका बदलली नाही.