नवस बोलतो एक, फेडतो दुसरा : राक्षसपूजेच्या कथांविषयी



आजचा विषय काहींना पोरकट वाटेल. वाटू द्या. कल्पित जगांच्या कथांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. एक अजस्र, भयंकर जनावर असतं. समुद्राच्या तळाशी असेल, बुरुजात असेल, विहिरीत असेल. आणि त्याच्यापुढे वाकणारी माणसांची एक टोळी असते. या माणसांना काहीतरी हवं असतं : सोनं, दीर्घ आयुष्य, दुसऱ्यावर सत्ता. वाचताना आपलं सगळं लक्ष जनावराकडे जातं. डोळे किती, पंख आहेत का, सोंड आहे की सुळे. आज आम्ही जनावर बाजूला ठेवणार आहोत आणि पुजाऱ्यांकडे बघणार आहोत. खरं म्हणजे त्यांच्या हिशोबाच्या वहीकडे.

हा हिशोब समजायला आपल्याला लांब जावं लागत नाही. नवस म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. माझं काम होऊ दे, मग मी तुला अमुक देईन. काम आधी, फेड नंतर, आणि जो बोलला त्याने फेडायचं. सरळ व्यवहार. पण तो नेहमी इतका सरळ होता का? मूल व्हावं म्हणून खंडोबाला नवस बोलायचा आणि झालेलं मूल वाघ्या किंवा मुरळी म्हणून देवाला वाहायचं, ही रीत याच महाराष्ट्रात होती. बोलले आईबाप. फेडलं मुलीने, जन्मभर.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. राक्षसपूजेच्या कथेत भीती असते ती या जागी, बोलणारा आणि फेडणारा वेगळे होतात तिथे. ज्या लेखकाला ही जागा दिसते त्याची कथा टिकते. ज्याला दिसत नाही तो नुसतं जनावर मोठं करत बसतो.

आता उदाहरणं घेऊ. एकाच लेखकाच्या दोन कथा घेतो, म्हणजे फरक स्वच्छ दिसेल. लेखक हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट, अमेरिकन, १८९० ते १९३७. त्याची 'द कॉल ऑफ कथुलू' ही कथा 'विअर्ड टेल्स' या मासिकात फेब्रुवारी १९२८ मध्ये छापून आली. कथुलू म्हणजे ऑक्टोपससारखं डोकं, पाठीला पंख, डोंगराएवढा देह. समुद्रात बुडालेल्या एका नगरात तो झोपून आहे, आणि त्याची पूजा करणारा एक गुप्त पंथ जगभर पसरलाय.

या पंथाला मिळतं काय? कथेत कास्त्रो नावाचा म्हातारा पंथीय पोलिसांना ते सांगतो. ग्रहतारे जुळून आले की कथुलू उठेल, आणि मग माणसंही त्याच्यासारखी मोकाट होतील. ना कायदा, ना पापपुण्य. म्हणजे सगळी उधारी! आज हातात काहीच नाही. पंथीय दलदलीत जमतात, गरीब आहेत, पकडले जातात, काही फासावर जातात. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याला ही माणसं आहेत याचा पत्ता तरी आहे का, शंकाच आहे. एका अर्थी ही कल्पना जबरदस्त आहे. देव वाईट आहे यापेक्षा देवाच्या लेखी आपण नाहीच, हे जास्त घाबरवणारं आहे. लव्हक्राफ्टचं मोठेपण त्यात आहे, आणि ते आम्ही नाकारत नाही.

पण मग माणसं या पंथात जातात कशाला? इथे कथेला उत्तर सुचत नाही, आणि लेखक सोपी पळवाट काढतो. न्यू ऑर्लिन्सच्या दक्षिणेला दलदलीत १९०७ साली पोलीस छापा घालतात, त्यात पकडलेली माणसं कोण? खलाशी, मिश्र वंशाचे, वेस्ट इंडीजकडचे, काळे. कथा जवळजवळ उघड म्हणते की ही माणसं जातीचीच तशी. म्हणजे कारण द्यायची गरजच उरली नाही! बळी कोण? तिथेच वस्ती करून राहिलेले गोरगरीब. त्यांच्या बायकापोरं नाहीशी होतात म्हणून तर ते पोलिसांकडे येतात. पण कथेत त्यांना नाव नाही, तोंड नाही. लटकलेली प्रेतं, एवढंच त्यांचं काम.

लव्हक्राफ्टचा वर्णद्वेष आज कुणी लपवत नाही. वर्ल्ड फँटसी अवॉर्ड हा मोठा पुरस्कार म्हणून त्याच्या चेहऱ्याचा पुतळा देत असत, ती पद्धत २०१५ नंतर बंद झाली. ते योग्यच झालं. पण आमचा मुद्दा नुसता नैतिक नाहीये. आमचं म्हणणं आहे की या द्वेषाने कथेचं कथा म्हणूनही नुकसान केलं. 'ते लोकच तसे' असं म्हटलं की प्रश्न संपतो, आणि प्रश्न संपला की भीतीही संपते.

आता दुसरी कथा. 'द शॅडो ओव्हर इन्समाउथ', लिहिली १९३१ साली, पुस्तकरूपाने आली १९३६ मध्ये. इन्समाउथ हे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचं काल्पनिक बंदर. इथेही समुद्रातली भयंकर प्रजा आहे, अर्धी मासा, अर्धी बेडूक. इथेही पंथ आहे, 'एसोटेरिक ऑर्डर ऑफ डेगन'. पण हा पंथ आणला कुणी? दलदलीतल्या भटक्यांनी नाही. कॅप्टन ओबेद मार्श नावाच्या प्रतिष्ठित, गोऱ्या, जहाजांच्या मालकाने!

आणि का आणला, तेही कथा नीट सांगते. गावाचा समुद्री व्यापार बसला होता. ओबेदची जहाजं मात्र दक्षिण समुद्रात जात होती, आणि तिथल्या एका बेटावरून तो सोन्याचे विचित्र दागिने स्वस्तात आणत होता. बेटावरच्या लोकांना ते सोनं पाण्यातली प्रजा देते, भरपूर मासळीही देते. बदल्यात वर्षातून दोनदा तरणी माणसं द्यायची. १८३८ मध्ये शेजारच्या बेटांवरच्या लोकांनी ती सगळी वस्तीच कापून काढली. ओबेदचं सोनं बंद, गाव उपाशी. तेव्हा ओबेद गावाला सांगायला लागतो : तुमचा देव तुम्हाला काय देतो? मला असे देव माहीत आहेत, जे मागाल ते देतात.

बघा, इथे सगळं जमलं. मंदी आहे, पोट आहे, पुढारी आहे. आणि उधारी अजिबात नाही, रोख व्यवहार! जाळी भरून येतात, सोनं गाळायचा कारखाना पुन्हा धूर सोडायला लागतो. तेवढ्यात गावातली तरणी पोरं नाहीशी व्हायला लागतात. ओबेदच्याच हाताखाली काम केलेला मॅट एलियट विरोध करतो, पाद्र्यांशी बोलतो, पण उपयोग होत नाही. एक पाद्री गावातून हाकलला जातो, एक आपणहून निघून जातो, एक पुन्हा कुणाला दिसत नाही. १८४६ साली गावकरी ओबेदला तुरुंगात टाकतात, तर एके रात्री समुद्रातूनच ती प्रजा वर येते आणि कत्तल करते. बाहेरच्यांना सांगायचं काय? साथ आली होती. त्यानंतर मासळी आणि सोन्याबरोबर रक्तही एक करायची अट येते, आणि पुढच्या पिढ्यांचे चेहरे बदलत जातात.

हे सगळं आपल्याला सांगतो झाडोक अ‍ॅलन, शहाण्णव वर्षांचा दारुडा. आम्हाला हे पात्र फार महत्त्वाचं वाटतं. का, तर तो निष्पाप साक्षीदार नाही. पंथाच्या तीन शपथा आहेत, त्यातल्या दोन त्याने घेतल्यात. तिसरी घेणार नाही म्हणतो. गावातला बहुतेक माणूस असाच असतो की! पुजारी नाही, बंडखोर नाही, दोन शपथांवर थांबलेला. त्याच्या थांबण्याने कुणाचं मूल वाचलं नाही, हेही त्याला ठाऊक आहे. म्हणून तर दारू.

या कथेतही मिश्र रक्ताची किळस आहेच, ती आम्ही झाकत नाही. पण व्यवहाराची गोष्ट इतक्या बारकाईने सांगितली की ती लेखकाच्याही हातातून सुटली. शेवटी निवेदकालाच कळतं की तो स्वतः ओबेद मार्शच्या वंशातला आहे. 'ते लोक' म्हणून बोट दाखवायला जागाच उरत नाही. व्यवहार खापरपणजोबाने केला, देह खापरपणतूचा बदलला.

इथे एक आक्षेप येईल. तुम्ही म्हणाल, भयकथेत हिशोब कसला शोधता? जनावर भीषण असलं की पुरे. याला उत्तर म्हणून तिसरी कथा घेतो, लव्हक्राफ्टचा पत्रमित्र रॉबर्ट हॉवर्ड याची. 'द टॉवर ऑफ द एलिफंट', मार्च १९३३, तेच मासिक. नायक कोनन, चोर. एका जादूगाराच्या मनोऱ्यातलं रत्न चोरायला तो वर चढतो. आत त्याला दिसतो हत्तीचं डोकं असलेला एक प्राणी. कोननला आधी वाटतं, हा राक्षसी देव असणार. जवळून बघतो तर तो आंधळा आहे, हातपाय मोडलेले आहेत, आणि रडतोय. हा याग-कोशा. दूरच्या ताऱ्यांकडून आलेला. जंगलातले लोक एके काळी त्याला देव मानून पूजत. यारा नावाचा माणूस त्याच्याकडे विद्या शिकायला आला, आणि कपटाने त्यालाच गुलाम करून बसला. तीनशे वर्षं छळ करून यारा त्याच्याकडून सत्ता पिळून घेतोय.

म्हणजे जनावर भीषण असलं की पुरे, हे खरं नाही. इथे जनावर सगळ्यात भीषण दिसतं आणि भीती मात्र वाटते भक्ताची. फेडणारा कोण हा प्रश्न हॉवर्डने विचारला, आणि उत्तर आलं : देव स्वतः! साध्या, धावत्या साहसकथेत कोननसारखा रांगडा माणूस शरमेने गप्प होतो, ते यामुळेच.

आता आपल्याकडे येऊ. 'तुंबाड' हा २०१८ चा हिंदी चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेलं. त्यातला हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा, सोन्यासाठी आणि धान्यासाठी हावरा. देवीने त्याला वाचवलं ते एका अटीवर : त्याची पूजा कधी होणार नाही. आणि एका घराण्याने नेमकं त्याचंच देऊळ बांधलं.

पण गंमत बघा. विनायकराव पूजा करतच नाही. तो विहिरीत उतरतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो, भुकेला हस्तर ती खात असताना त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढतो आणि वर येतो. भक्ती शून्य. ही नोकरीच झाली. आणि तो ती पोराला शिकवतो, बाप पोराला दुकानाची गल्ली शिकवतो तसा. आजीचं काय झालं, हे त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय, तरीसुद्धा. चित्रपटाच्या शेवटी शापित बाप लंगोट पुढे करतो आणि पोरगा तो घेत नाही. इतक्या कथांमध्ये आम्हाला हा एक फेडणारा भेटला ज्याने फेडायलाच नकार दिला. राक्षसाला मारून काही सुटलं नाही. वारसा नाकारला, तिथे सुटलं.

आता कुणी विचारेल, या कल्पित गोष्टींचा एवढा काथ्याकूट कशासाठी? याचसाठी, की महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केलेली अमानुष कृत्यं आहेत. आणि कुणाला करणी-भानामती करणारा ठरवून त्याचा छळ करणं, हेही आहे. दोन्ही एकाच यादीत. म्हणजे एकीकडे सोन्यासाठी दुसऱ्याचा जीव देणारा ओबेद मार्श, आणि दुसरीकडे वस्तीतल्या दुबळ्या माणसाकडे बोट दाखवून 'हीच ती' म्हणणारा जमाव. कथा आपल्याला पुजारी कसा ओळखायचा हे शिकवत असतात. 'कॉल ऑफ कथुलू' चुकीचा माणूस दाखवते. 'इन्समाउथ' बरोबर दाखवते. एकाच लेखणीतून दोन्ही आलंय, म्हणून वाचताना सावध राहायचं.

तेव्हा पुढच्या वेळी अशी कथा वाचाल, चित्रपट बघाल, मुलं असा खेळ खेळत असतील, तेव्हा राक्षस केवढा आहे ते जरूर बघा, मजा येते. पण त्याबरोबर एवढंही बघा : मागितलं कुणी, मिळालं कुणाला, आणि दिलं कुणी. तिसऱ्याला कथेत नाव आहे का, ते शोधा. नसेल तर लेखकाने काहीतरी लपवलंय.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.