काळ्या वस्तू आणि गॉथिक शैली : एक टिपण

कवटी छापलेला मग, वटवाघळाच्या आकाराचे किचेन, काळी पाण्याची बाटली, मेणबत्तीसारखा दिसणारा एलईडी दिवा. 'गॉथ' म्हणून आज बाजारात मिळणाऱ्या रोजच्या वापरातील वस्तू साधारण अशा असतात. त्यांच्यावरील नेहमीचा आक्षेप असा, की त्या नकली आहेत, कारखान्यात घाऊक तयार होतात आणि म्हणून त्यांतून कोणाची व्यक्तिगत शैली व्यक्त होऊ शकत नाही. यांतील बऱ्याच वस्तू मलाही आवडत नाहीत. पण हे कारण मात्र मला पटत नाही.

गॉथिक आवड पहिल्यापासून नकलेवरच उभी आहे. होरेस वॉलपोल याने 1740च्या दशकात लंडनजवळ ट्विकनहॅम येथे स्ट्रॉबेरी हिल हे घर घेतले आणि पुढे अनेक वर्षे ते मध्ययुगीन वाटावे असे सजवले. तेथील गॅलरीचे छत वेस्टमिन्स्टर ॲबीतील दगडी छतावर बेतलेले आहे, पण ते कागदाच्या लगद्याचे आहे. ज्या फासळ्यांनी भार पेलायचा, त्या येथे नुसती शोभा आहेत. (स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे वाचून हसू येईल.) शेकोटीच्या चौकटींसाठी त्याने चर्चमधील थडग्यांच्या रचना उचलल्या. 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' ही कादंबरी 1764 मध्ये आली तीही जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर असल्याचा बहाणा करून. घर नकली, ग्रंथ नकली. तरीही दोन्हींवर वॉलपोलची छाप आहेच.

दुसरे उदाहरण व्हिटबीचे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील या गावात जेट नावाचा काळा पदार्थ सापडतो. दिसायला दगड, प्रत्यक्षात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे अश्मीभूत लाकूड. वजनाला हलका, कोरायला सोपा, घासला की आरशासारखा चमकणारा. 1861 मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारला, राणी व्हिक्टोरियाने 1901 मधील स्वतःच्या मृत्यूपर्यंत काळा पोशाख सोडला नाही, आणि शोकाच्या दागिन्यांना मोठी मागणी आली. ज्यांना जेट परवडत नव्हते त्यांच्यासाठी काळी काच होती, गंधक घालून कडक केलेले रबर, म्हणजे व्हल्कनाइटही होते. हातात घेतल्यावर फरक कळतो: काच थंड आणि जड लागते, जेट उबदार. व्हल्कनाइट उजेडात राहून हळूहळू तपकिरी पडते.

आता एक स्वस्त, साच्यातून काढलेले व्हल्कनाइटचे लॉकेट डोळ्यांसमोर आणा. आत मृत आईच्या केसांची बट ठेवलेली आहे. त्या काळी अशी पद्धतच होती. वस्तू घाऊक, सामग्री नकली, नमुना शेकडो जणींच्या गळ्यात तोच. तरी ते लॉकेट एकाच बाईचे आहे. जे तिने आत ठेवले ते दुकानात मिळत नव्हते. कवटीच्या मगाचे दुखणे येथे आहे. तो प्लॅस्टिकचा की चिनी मातीचा हा प्रश्न गौण. मृत्यूचे चिन्ह बाहेर छापलेले आहे, पण त्यात मालकाने काही ठेवावे अशी जागाच नाही. ठेवायचा तो फक्त चहा.

डिक हेब्डिज याचे 'सबकल्चर: द मीनिंग ऑफ स्टाइल' (1979) हे पुस्तक या विषयावर हमखास वाचायला दिले जाते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: तरुण मुले साध्या वस्तू, उदाहरणार्थ सेफ्टी पिन, उचलून त्यांचा अर्थ बदलतात, पुढे बाजार त्याच वस्तू विकू लागतो आणि अर्थ गोठतो. पंकसाठी हे बरेचसे लागू पडते. 1982 मध्ये लंडनच्या सोहो भागात सुरू झालेल्या बॅटकेव्ह क्लबातील मुलामुलींनाही लागू पडते. फाटके जाळीदार मोजे हातांत चढवणे हा त्यांचाच प्रकार. पण हेब्डिजच्या हिशेबाने गॉथ केव्हाच संपायला हवे होते. ते संपले नाही. व्हिटबीत 1994 पासून गॉथ मंडळींचा मेळा भरतो. माझ्या मते याचे कारण असे, की येथे बाजार नंतर शिरला नाही, तो आधीपासूनच होता. व्हिटबीच्या जेट-धंद्यावर ऐन भरात हजाराहून अधिक कारागीर पोट भरत होते. विकत घेतलेल्या वस्तूला नंतर अर्थ देणे हीच गॉथची जुनी रीत आहे, आणि हेब्डिजच्या मांडणीत तिला नीट जागा नाही.

भारतात एक अडचण वाढते. युरोपात काळा रंग शोकाचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शोकाचा रंग पांढरा. महाराष्ट्रात तर संक्रांतीला नवी सून हौसेने काळी साडी नेसते, आणि मंगळसूत्राचे मणी काळेच असतात. त्यामुळे वसतिगृहातील मुलीने खोलीभर काळ्या वस्तू मांडल्या, तर तिच्या आजीला त्यांत व्हिक्टोरियाचा शोक दिसणार नाही. फार तर दृष्ट लागू नये म्हणून केलेला उपाय दिसेल. तेथे रंग कामाला येत नाही. त्याच मुलीने आजोबांचे बंद पडलेले घड्याळ दुरुस्त न करता टेबलावर ठेवले, तर ते पितळी असले तरी आजी त्याच्याकडे पाहून क्षणभर थांबेल.